अडीचशे चौरस फूट

राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत. पहिली गल्ली, पाचवी गल्ली, नववी, बारावी. पट्टी ठेवून ओढाव्यात तशा सरळ. जुन्या कोल्हापुरात पेठा आहेत, धंद्याच्या न् जातीच्या नावाच्या गल्ल्या आहेत. राजारामपुरी त्या मानानं नवी, आखीव. नंबराला जात नसते, असं मला लहानपणी वाटायचं. पण याच राजारामपुरीत मातंग वसाहत आहे. म्हणजे गल्लीला नंबर आणि वसाहतीला जात. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. तो आमच्या रिक्षावाल्यांपर्यंत अजून पोचायचा आहे.

दोस्तांनो, लिहायचं आहे भूकंपावर आणि सुरुवात गल्लीपासून करतोय. त्याला कारण आहे. पुढं येईल.

आमचा आजा शाहू मिलमध्ये साचाखात्यात होता. शाहू महाराजांनी १९०६ साली काढलेली ती मिल २००३ साली बंद पडली. ११ डिसेंबर १९६७ ला आजा रातपाळीत होता. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर इथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतच. आजा सांगायचा, साचे चालू असले की पायाखालची फरशी अशीही थरथरतच असते, त्यामुळं पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. वरच्या तुळयांवर वर्षानुवर्षं साचलेली कापसाची लव एकदम खाली यायला लागली, बर्फ पडावं तशी, तेव्हा जॉबर ओरडला, बाहेर पळा. सकाळी पाळी सुटून घरी आला तर सगळी वसाहत अंगणात शेकोटी करून बसलेली. आजीनं त्याला पहिला प्रश्न विचारला तो असा : आज खाडा धरतील काय?

कोयनेच्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसं मेली. पाटण तालुक्यातली गावं कोसळली, कोयनानगर उद्ध्वस्त झालं. मुंबईतल्या गिरण्या-कारखान्यांना जाणारी कोयनेची वीज तुटली. वर्तमानपत्रांत मुंबईच्या अंधाराचीही बातमी झाली. पण ही वीज ज्या धरणावर तयार होते ते धरण, तो शिवाजीसागर, हा या भूकंपाच्या गोष्टीतला मुख्य इसम आहे. १९६२ पासून पाणी अडवायला लागले आणि त्याच्यामागोमाग हादरे वाढत गेले. जमिनीत भेगा आधीपासून असतात, ताण आधीपासून असतो. वर पाण्याचा एवढा मोठा भार आला आणि पाणी त्या भेगांत मुरलं की तो ताण सुटायला निमित्त मिळतं. धरणामुळं चाळवलेला भूकंप म्हणून जगभर आज कोयनेचंच नाव पहिलं घेतात.

शंभराच्या आसपास गावांची जमीन या पाण्याखाली गेली. ती माणसं सोलापूर, सांगली, रायगड अशी जिकडं पाठवली तिकडं गेली. बऱ्याच जणांचा हिशोब अजून मिटलेला नाही. २०१८ साली, म्हणजे धरणाला अर्धं शतक उलटून गेल्यावर, प्रकल्पग्रस्त कोयनानगरात ठिय्या मारून बसले होते. म्हणजे एक भूकंप १९६७ चा, सगळ्यांना माहीत असलेला. दुसरा त्याच्या आधीचा, सरकारी आदेशानं झालेला, आणि त्यातून उठणं अजून चालूच आहे. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. माझी चाती विजेवर फिरतात. त्यामुळं हा हिशोब मला परका वाटत नाही.

पण कोयनेचं मी ऐकलेलं. चालून पाहिलं ते किल्लारी.

गेल्या सप्टेंबरात चार दिवसांची रजा टाकून गेलो. कोल्हापूर ते सोलापूर, सोलापूर ते उमरगा, पुढं लातूरच्या रस्त्यानं किल्लारी. तालुका औसा, जिल्हा लातूर. उमरग्याच्या पुढं एस.टी.त शेजारी एक गृहस्थ होते, कपाळाला गंध. कुठं जाताय विचारलं, सांगितलं. ते म्हणाले, "पाप लई वाढलं होतं हो त्या भागात. देवानं दाखवून दिलं." मी गप्प बसलो. एस.टी.त भांडण काढलं तर खिडकीची जागा जाते. पण डोक्यात एक जुनं प्रकरण फिरायला लागलं, ते इथंच सांगून टाकतो.

१५ जानेवारी १९३४ ला बिहारात मोठा भूकंप झाला. मुंगेर, मुझफ्फरपूर जमीनदोस्त. बिहार आणि नेपाळ मिळून दहा हजारांवर माणसं मेली. गांधी तेव्हा अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. त्यांनी जाहीर सांगितलं की हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवानं केलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांना ते सहन झालं नाही. सृष्टीतल्या घडामोडींना नीतीशी असं जोडणं अवैज्ञानिक आहे असा आक्षेप त्यांनी लिहून पाठवला, आणि गांधींनी तो आपल्याच 'हरिजन'मध्ये छापून त्याला उत्तरही दिलं. छापला, हा त्यांचा मोठेपणा, तो मी नाकारत नाही. पण मुंगेरच्या बाजारात विटांखाली जी डोम-चमार माणसं दबली, त्यांनी कुठलं अस्पृश्यतेचं पाप केलं होतं? शिक्षा द्यायची तर देवाला पत्ता तरी नीट माहीत पाहिजे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पापाची शिक्षा देव देणार असेल तर कायद्याची, कोर्टाची, पाण्याच्या हौदावरच्या हक्काची गरजच उरत नाही. बाबासाहेब महाडला गेले १९२७ साली. भूकंपाची वाट बघत घरी बसले नाहीत.

एस.टी.तल्या त्या गृहस्थाला आणि महात्म्याला एका बाकावर बसवतोय असं कुणाला वाटेल. हेतू दोघांचे वेगळे, मान्य. बाक मात्र एकच आहे.

तर किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन आटोपून माणसं उशिरा झोपली होती. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत जवळजवळ आठ हजार माणसं मेली. किल्लारी, सास्तूर ही नावं त्या दिवसापासून सगळ्या देशाला कळली. दख्खनचं पठार म्हणजे जुना, घट्ट खडक, इथं काही होत नाही अशी समजूत होती. भूकंपाच्या सरकारी नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. आणि १९९२ मध्ये किल्लारीला हादरे बसत होते, लोक भिऊन बाहेर झोपत होते. मग हादरे थंडावले, माणसं परत घरात गेली.

जुन्या किल्लारीत मी सकाळी चालत गेलो. आता तिथं गाव नाही. वेड्या बाभळी, दगडांचे ढीग, मधेच एखादं जोतं, जोत्यावर चढायच्या दोन पायऱ्या. पायऱ्या चढून गेलं की पुढं काही नाही. वाट कुठली आणि घर कुठलं ते ओळखता येत नाही. थोडं चाललं की एवढंच कळतं, जिथं ढीग मोठा तिथं वाडा मोठा.

हे मोठे ढीगच माणसं मेल्याचं कारण. त्या भागातलं घर म्हणजे माळवद. दोन-अडीच फुटी जाड भिंती, गोलसर काळा दगड, चिखलात बसवलेला. भिंतीची आतली बाजू वेगळी रचलेली, बाहेरची वेगळी, मधे दगडगोट्यांची भर. दोन्ही बाजूंना बांधून धरणारा आरपार दगड क्वचित. वर लाकडी खांब-तुळयांचे खण, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर फूट-दोन फूट मातीचा थर. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार. आणि जेवढं घर इभ्रतीचं तेवढी भिंत जाड, तेवढी वर माती जास्त. जमीन हलल्यावर भिंतीचे दोन पदर सुटे झाले आणि दगडमाती झोपलेल्या माणसांवर आली. पुष्कळ ठिकाणी लाकडाचा सांगाडा तसाच उभा राहिला आणि त्याच्या मधल्या भिंती बसल्या. ज्यांचं कुडाचं, गवताचं, पत्र्याचं होतं त्यांच्या अंगावर कूड पडला, पत्रा पडला, आणि ती उठली.

नव्या गावात पारावर एक म्हातारे भेटले. आपलेच. जयभीम घातला, त्यांनीही घातला. म्हणाले, "लेकरा, आमचं छप्पर व्हतं. पडलं, झटकून उठलो. गावातून आवाज यायला लागला. आमी समदे पळालो गावाकडं, उकरायला. त्या रातीला कुणी इचारलं न्हाई, हा हात कुणाचा हाय म्हनून. ज्यांच्या वाड्यात आमच्या बापानं कधी उंबरा वलांडला न्हवता, त्यांच्या माजघरात आमी गेलो. माजघर ऱ्हायलंच न्हवतं ही गोष्ट अलायदी."

किती दिवस टिकलं हे, मी विचारलं. ते हसले. म्हणाले, "यादी लागूस्तोवर."

आता यादीचं ऐका. ५२ गावं संपूर्ण उठवून नव्या जागी बसवायचं ठरलं. जागतिक बँकेचं कर्ज काढलं. देणग्या देणाऱ्या संस्थांनी गावं दत्तक घेतली. घर प्रत्येकाला, फुकट. पण घर किती मोठं ते कशावर ठरवायचं? मेलेल्या माणसांवर नाही, जगलेल्या माणसांवर नाही, घरात चुली किती यावर नाही. जमिनीवर. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेला, त्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४५०. सातच्या वर ज्याची जमीन, त्याला ७५०. अ, ब आणि क.

रिंगफ्रेमवर आठ तास चालणाऱ्याला पावलं मोजायची सवय असते. माझं पाऊल अडीच फुटाचं. अ घर म्हणजे दहा पावलं लांब आणि चार पावलं रुंद. क घर म्हणजे बारा पावलं आणि दहा पावलं. त्या गावात मी दुपारभर असा मोजत हिंडलो, कुत्री मागं लागेपर्यंत.

यावर समर्थन ऐकायला मिळतं. मोठ्या शेतकऱ्याला धान्य ठेवायला जागा लागते, अवजारं असतात, गुरं असतात. खरं आहे. पण ज्याला शेत नाही त्याला पोरं नसतात काय? सून येत नाही काय? भूकंपानं सगळ्यांना एकाच रात्री उघड्यावर आणलं होतं. त्या सकाळी सात हेक्टरवाला आणि शेतमजूर दोघांचंही घर शून्य चौरस फूट होतं. तिथून परत मोजायला सुरुवात करायची होती, आणि हातात टेप होता सरकारचा. त्यांनी टेप लावला तो सातबाऱ्यावर. ज्याच्याकडं होतं त्याला तिप्पट. कर्जाचा पैसा मात्र सगळ्यांच्या डोक्यावर, त्यात भूमिहीनाच्या काडेपेटीवरचा करही आला.

आणि नव्या गावांचे रस्ते सरळ. रुंद. एकसारखे चौकोन. उभा राहिलो तेव्हा मला आमची राजारामपुरीच आठवली. अनेक नव्या गावांत एका मापाची घरं एकत्र बसवली, म्हणजे अ ची रांग वेगळी, क ची वेगळी. जुन्या गावाला गावकूस होतं, दगडाचं. ते भूकंपानं पाडलं. नव्या गावाला गावकूस नाही. पण रांगेच्या टोकाला उभं राहून घरांची रुंदी बघितली की जुना महारवाडा, मांगवाडा कुठं गेला ते विचारावं लागत नाही. यादीत जात कुठंही लिहिलेली नव्हती. जमीन लिहिलेली होती. मराठवाड्यात या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, ते ज्यानं त्यानं आपल्या गावच्या तलाठ्याकडं जाऊन बघावं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. त्या म्हाताऱ्यांना घर आवडतं. म्हणाले, पहिल्यांदा पक्क्या भिंतीत झोपलो, पहिल्यांदा घर नावावर झालं, पहिल्यांदा वस्ती गावाच्या नकाशात आली. पावसात चूल विझत नाही. हे खोटं म्हणून आपल्या लेखाला जोर आणायचा नाही. मी विचारलं, मग काय कमी आहे? त्यांनी दारापुढं काढलेल्या पत्र्याच्या खोलीकडं बोट दाखवलं. थोरला मुलगा तिथं राहतो.

आता प्रश्न असा की हा माणूस भूमिहीन का? तो १९९३ साली भूमिहीन झाला नाही.

हा सगळा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचा. देशमुख-देशपांडे, जहागिरी, वर पाटील, खाली राबणारे. निजाम गेला, पण खालची रचना गेली नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. मागणी साधी होती : पडीक, गायरान, सरकारी जमीन कसणाऱ्या भूमिहीनाला द्या. पुढं ६ डिसेंबर १९६४ ला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, रिपब्लिकन पक्षानं देशभर सत्याग्रह सुरू केला आणि लाखोंनी तुरुंग भरले. बायका तान्ह्या पोरांना घेऊन आत गेल्या. जमीन थोडी मिळाली. बरीच कसली गेली पण कागदावर चढली नाही. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचा शासननिर्णय १९९१ साली निघाला. निर्णय निघणं एक आणि तलाठ्याच्या पेनातून शाई उतरणं दुसरं. दोन वर्षांत भूकंप झाला. तीन एकर गायरान बापापासून कसत असलेला, पण सातबाऱ्यावर नाव नसलेला माणूस त्या यादीत कुठं बसला? अ मध्ये. भूमिहीन. तीन एकर म्हणजे हेक्टराच्या वर, ते नावावर असतं तर त्याचं घर ४५० फुटांचं झालं असतं. १९६४ च्या सत्याग्रहाची किंमत समजावून सांगायला याच्यापेक्षा सोपं गणित मला सापडलेलं नाही. आपल्याकडं चळवळीतली पोरं गायरानाचा विषय निघाला की जांभया देतात. तो जुन्या माणसांचा विषय म्हणतात.

अजून एक तारीख. किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी, १४ जानेवारी १९९४ ला, मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. मुख्यमंत्री तेच, शरद पवार. मदतीच्या छावण्या आणि नामविस्तार एकाच हिवाळ्यातले. आणि त्याच्या सोळा वर्षं आधी, २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला तेव्हा याच मराठवाड्यात शेकडो गावांत दलितवस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना ठार मारलं. घरं जाळली, धान्य जाळलं, माणसं गाव सोडून पळाली. तेव्हा जमीन हलली नव्हती. तरी घरं पडली. त्या घरांसाठी जागतिक बँक आली नाही, गावं दत्तक घ्यायला कुणी आलं नाही, अ-ब-क सुद्धा कुणी पाडलं नाही. १९९३ ला देशानं मन मोठं केलं, ट्रकच्या ट्रक भाकरी आल्या, इथून कोल्हापुरातूनही गेल्या. चांगलं झालं. पण मी दोन्ही तारखा शेजारी ठेवून बघतो.

बायकांबद्दल थोडं. जी गावं उठवली नाहीत तिथं घरं जागेवरच दुरुस्त करायची होती, त्यांची संख्या फार मोठी. स्वयंशिक्षण प्रयोग या संस्थेनं शेकडो गावांत बायकांना संवाद साहाय्यक म्हणून उभं केलं. कोपऱ्यात आरपार दगड बसवला का, पट्टा घातला का, हप्ता आला का, हे बायका बघायला लागल्या. ज्या बाईनं इंजिनिअरला एकदा "साहेब, भिंत परत करा" म्हटलं, ती पुढं ग्रामसभेत बसते. यावर कुणीतरी स्वतंत्र लिहायला पाहिजे.

हे फक्त आपल्याच देशात होतं असं नाही. १ सप्टेंबर १९२३ ला जपानात तोक्योच्या भागात प्रचंड भूकंप झाला, लाखावर माणसं मेली. अफवा उठली की कोरियन लोक विहिरीत विष टाकताहेत. जमावांनी हजारो कोरियन मारले. पाच दिवसांनी फुकुदा गावाजवळ औषधं विकत फिरणाऱ्या फेरीवाल्यांचा तांडा अडवला गेला. दूरच्या प्रांताचे, बोलण्याचा हेल वेगळा. कोरियन समजून त्यांतले नऊ जण मारले, पोरंसुद्धा. ते जपानीच होते, बुराकुमिन, म्हणजे तिथले अस्पृश्य. गाव सोडून पोटासाठी रस्त्यावर आलेली माणसं. दोषींना शिक्षा झाली आणि नवा सम्राट गादीवर आल्यावर माफी मिळाली. कच्छमध्ये २००१ साली कत्तल नाही झाली, पण मदतीच्या छावण्या जातवार वेगळ्या पडल्याचं तेव्हाच्या अहवालांत आहे. ढिगाऱ्यात सगळे एक असतात ते एक-दोन रात्री.

संध्याकाळी स्मारकापाशी थांबलो. दर ३० सप्टेंबरला तिथं सलामी होते, हार पडतात. मी गेलो त्या दिवशी कुणी नव्हतं, दोन शेळ्या होत्या. मग रस्त्यावर येऊन गाडी धरली.

सोलापूरहून रातची एस.टी. मिळाली. कोल्हापूरला उतरलो तेव्हा पहाटेचे चार वाजायला आले होते. रिक्षाला पैसे नव्हते, स्टँडवरून चालतच राजारामपुरीत आलो. गल्ल्या झोपलेल्या. नवव्या गल्लीच्या तोंडाशी महापालिकेच्या झाडूवाल्या बायका कामाला लागल्या होत्या. त्यातल्या एकीनं ओळखलं. म्हणाली, "काय रं, रातपाळी सुटली व्हय?" मी म्हटलं, न्हाई मावशी, गावाला गेलतो. ती म्हणाली, "बाजूला हो मग, धुरळा उडतोय."